इंग्रजी वाक्य व्याकरणात बसतं की नाही, हे कसं ठरवायचं

समोर एक इंग्रजी वाक्य आहे आणि प्रश्न एवढाच आहे: बरोबर की चूक? स्पर्धा परीक्षेतला चूक शोधायचा प्रश्न असो, मुद्रितशोधन असो, किंवा संगणकाला भाषा शिकवण्यासाठी हजारो वाक्यांवर शिक्के मारण्याचं काम असो, बहुतेक जण एकच करतात. वाक्य मनात म्हणून बघतात आणि कानाला खटकलं तर चूक म्हणतात. ज्यांच्या घरात इंग्रजी बोलली जाते त्यांचं यात बऱ्यापैकी भागतं. आपला कान मराठीवर घडलेला आहे. 'दोन वर्षांपासून' खटकत नाही, म्हणून 'सिन्स टू इयर्स'ही खटकत नाही. तेव्हा कानाने शंका काढावी आणि निकाल हिशेब करून द्यावा. तो हिशेब कोणत्या क्रमाने करायचा, ते पुढे दिलं आहे. चुकीच्या वाक्याआधी ✗ अशी फुली आहे. भाषाशास्त्रज्ञ त्या जागी तारा लावतात आणि शंकास्पद वाक्यापुढे प्रश्नचिन्ह.

आधी काय तपासायचं नाही ते ठरवा

वाक्य खरं आहे का, शहाणपणाचं आहे का, सुंदर आहे का, हे आपलं काम नाही. 'माय टूथब्रश इज प्रेग्नंट' हे वाक्य वेडगळ आहे, पण व्याकरणाने निर्दोष आहे. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी 1957 मध्ये याच मुद्द्यासाठी 'कलरलेस ग्रीन आयडियाज स्लीप फ्युरिअसली' हे वाक्य पुढे केलं. रंगहीन हिरव्या कल्पना रागारागाने झोपतात, याला अर्थ नाही. पण विशेषणं नामाच्या आधी आहेत, अनेकवचनी कर्त्याला अनेकवचनी क्रियापद आहे, क्रियाविशेषण आपल्या जागी आहे. तेच शब्द उलट्या क्रमाने ठेवा: ✗ 'फ्युरिअसली स्लीप आयडियाज ग्रीन कलरलेस'. अर्थ दोन्हीकडे नाही, पण रचना फक्त पहिल्यात आहे. उलट ✗ 'ही गो टू स्कूल एव्हरी डे' याचा अर्थ लहान मुलालाही कळतो, तरी ते चूकच.

शब्दांच्या निवडीवरून वाक्य नापास करू नका. 'कझिन ब्रदर' किंवा 'प्रीपोन' ऐकून लंडनचा माणूस भुवया उंचावेल, पण 'द मीटिंग वॉज प्रीपोन्ड' या वाक्यात व्याकरणाची काहीही चूक नाही, आणि हा शब्द इंग्रजी शब्दकोशांनीही घेतला आहे.

मग प्रमाण कोणतं, हेही सुरुवातीलाच ठरवा. ब्रिटिश माणूस 'द टीम आर प्लेइंग वेल' म्हणतो, अमेरिकन 'इज' म्हणतो. 'गॉटन' अमेरिकेत बरोबर, ब्रिटनमध्ये परकं. परीक्षेचं प्रमाण आणखी वेगळं असतं, आणि ते वापराच्या मानाने जुनं असतं. 'नन ऑफ देम आर रेडी' हे आज चांगले लेखक लिहितात, पण परीक्षेची पुस्तकं 'इज'वर अडून बसतात. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय आलं ('हू आर यू टॉकिंग टू?'), किंवा 'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये शब्द घुसला ('टू क्लिअरली स्टेट'), तर ती चूक नाही, जुन्या मास्तरांनी तसं बजावलं असलं तरी. परीक्षेला बसायचं असेल तर पुस्तकाचं ऐका, बाकी ठिकाणी वापराचं. दोन्ही एकाच डोक्यात मिसळले की निकाल रोज बदलतो.

क्रियापदं मोजा, जोडशब्द मोजा

वाक्यातल्या काळ दाखवणाऱ्या क्रियापदांखाली रेघ मारा. 'हॅज बीन इटिंग' हे सगळं मिळून एक. 'टू ईट' किंवा सुटं 'ईटिंग' यात काळ नाही, ते मोजायचं नाही. मग उपवाक्यं जोडणारे शब्द मोजा: ॲण्ड, बट, बिकॉज, इफ, दॅट, हू, विच वगैरे. क्रियापदं जोडशब्दांपेक्षा बरोबर एकाने जास्त हवीत.

✗ 'द मॅन लिव्हज नेक्स्ट डोअर इज अ डॉक्टर.' क्रियापदं दोन, लिव्हज आणि इज. जोडशब्द शून्य. हिशेब चुकला. 'हू लिव्हज' केलं की जमतं, नाहीतर 'लिव्हिंग' करून एक क्रियापद कमी करा.

आता 'द मॅन आय मेट इज अ डॉक्टर.' इथेही दोन क्रियापदं आहेत आणि जोडशब्द दिसत नाही, तरी वाक्य बरोबर आहे. कारण 'हूम' लपलेला आहे. तो लपू शकतो, कारण तो 'मेट'चं कर्म आहे. पहिल्या वाक्यातला 'हू' हा 'लिव्हज'चा कर्ता आहे, आणि कर्ता असलेला 'हू' गाळता येत नाही. 'आय थिंक ही इज इल' मधला 'दॅट'ही असाच लपलेला असतो. लपलेलेही मोजायचे.

हिशेब दुसऱ्या बाजूनेही चुकतो: ✗ 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट आउट.' क्रियापदं दोन, जोडशब्दही दोन. आपल्या 'जरी… तरी'ची ही सावली. इंग्रजीत दोन्हींतला एकच ठेवायचा. (पुढच्या अर्ध्यात 'येट' मात्र चालतो, 'येट' आणि 'बट' यांना एका मापाने मोजून बरोबर वाक्य चूक ठरवणारे बरेच असतात.) तसंच ✗ 'ॲज ही वॉज इल, सो ही डिड नॉट कम', म्हणजे आपलं 'आजारी असल्यामुळे, म्हणून'.

कर्त्याला क्रियापदाजवळ आणून बसवा

प्रत्येक क्रियापदाचा कर्ता शोधा आणि मधला सगळा मजकूर झाका. बोटाने झाकलात तरी चालेल.

✗ 'द लिस्ट ऑफ स्टुडंट्स सिलेक्टेड फॉर द फायनल राउंड्स हॅव बीन डिस्प्लेड.' 'ऑफ'पासून 'राउंड्स'पर्यंत झाका. 'द लिस्ट हॅव बीन' उरतं, आणि चूक लगेच दिसते. झाकलं नाही तर 'स्टुडंट्स', 'राउंड्स' ही अनेकवचनं 'हॅव'च्या इतकी जवळ आहेत की कान फसतो. ही फसगत इंग्रजी घरात वाढलेल्यांचीही होते, म्हणून छापील वर्तमानपत्रातही ती सापडते. आपल्याला आणखी एक सवय आड येते: 'रामाने आंबे खाल्ले' म्हणताना आपलं क्रियापद कर्माकडे बघतं. इंग्रजी क्रियापद कर्माकडे कधीच बघत नाही.

'ॲज वेल ॲज', 'टुगेदर विथ', 'अलाँग विथ' यांच्यानंतर येणारं नाम मोजायचं नाही. 'आयदर… ऑर' असेल तर क्रियापदाला जवळचा असेल तो मोजायचा. 'द नंबर ऑफ कार्स हॅज', पण 'अ नंबर ऑफ कार्स हॅव'. 'न्यूज' आणि 'मॅथेमॅटिक्स' एकवचनी, 'पोलीस' अनेकवचनी. 'एव्हरीवन' एकवचनी, 'सगळे आले' या मराठीमुळे ✗ 'एव्हरीवन हॅव कम' होतं. 'वन ऑफ माय…' नंतर नाम अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी: 'वन ऑफ माय फ्रेंड्स इज'. या दोनपैकी एकच अट पाळून दुसरी सोडणं ही परीक्षेतली नेहमीची हुकमी चूक आहे.

क्रियापदाला काय काय लागतं

सगळ्यात जास्त चुका इथे निसटतात, म्हणून इथे वेळ द्या. प्रत्येक क्रियापदाच्या मागण्या ठरलेल्या असतात, आणि त्या अर्थावरून ओळखता येत नाहीत. 'ईट'ला कर्म असलं तरी चालतं, नसलं तरी चालतं. 'डिव्हाउर'ला हवंच: ✗ 'ही डिव्हाउर्ड'. 'डाइन'ला चालतच नाही: ✗ 'ही डाइन्ड द फूड'. तिन्ही शब्द खाण्याचेच आहेत. 'पुट'ला वस्तू आणि जागा दोन्ही लागतात, म्हणून ✗ 'ही पुट द बुक' हे अर्धवट राहतं.

मराठी माणसाला सगळ्यात जास्त नडतो तो 'ला'. 'मला समजावून सांग', 'मला सुचव', 'मला विचार', 'मला सांग', सगळीकडे एकच 'मला'. इंग्रजीत मात्र प्रत्येकाचा साचा निराळा. 'टेल मी', 'आस्क मी' हे बरोबर, आणि ✗ 'टेल टू मी', ✗ 'आस्क टू मी' हे चूक. 'एक्स्प्लेन'चं नेमकं उलट: 'एक्स्प्लेन इट टू मी' बरोबर, ✗ 'एक्स्प्लेन मी द प्रॉब्लेम' चूक. 'सजेस्ट'चं तसंच: ✗ 'ही सजेस्टेड मी टू अप्लाय' नाही, 'ही सजेस्टेड दॅट आय अप्लाय'. यातून पुढची गंमत निघते. 'ही सजेस्टेड दॅट शी गो' यात 'गो'ला 'एस' नाही, म्हणून बरेच जण फुली मारतात. ती मारू नका. सजेस्ट, इन्सिस्ट, रेकमेंड, डिमांड यांच्यामागे सूचना किंवा मागणी सांगताना क्रियापदाचं मूळ रूप येणं बरोबरच आहे.

विभक्तीची इतर भाषांतरंही अशीच पकडा. 'माझ्यावर रागावला' म्हणून ✗ 'अँग्री ऑन मी' (हवं 'विथ'). 'तिच्याशी लग्न केलं' म्हणून ✗ 'मॅरीड विथ हर' (हवं नुसतं 'मॅरीड हर'). 'विषयी चर्चा केली' म्हणून ✗ 'डिस्कस्ड अबाउट'. 'पुण्याला पोहोचलो' म्हणून ✗ 'रीच्ड टू पुणे'. पण 'डिस्कशन अबाउट' हे बरोबर आहे. नियम क्रियापदाचा आहे, त्याच्या नामाचा नाही.

दुसऱ्या क्रियापदाचं रूपही पहिलं क्रियापदच ठरवतं. 'एंजॉय', 'अव्हॉइड', 'फिनिश' यांना 'आयएनजी' लागतं. 'वॉन्ट', 'रिफ्यूज', 'डिसाइड' यांना 'टू'. 'मेक'ला कर्तरीत 'टू' चालत नाही ('ही मेड मी वेट'), कर्मणीत तोच 'टू' लागतो ('आय वॉज मेड टू वेट'). 'लुक फॉरवर्ड टू' मागे 'मीट' की 'मीटिंग', असा घोळ झाला तर त्या जागी साधं नाम ठेवून बघा. 'आय लुक फॉरवर्ड टू द वेडिंग' जमतं, म्हणजे हा 'टू' शब्दयोगी अव्यय आहे आणि मागे 'मीटिंग'च हवं. 'यूज्ड टू'चे दोन अर्थ याच चाचणीने वेगळे होतात.

शंका असेल तर शिकणाऱ्यांसाठी काढलेला इंग्रजी-इंग्रजी कोश उघडा. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन या तिघांचेही असे कोश आहेत. त्यात अर्थासोबत क्रियापदाचा साचा छापलेला असतो. इंग्रजी-मराठी कोशात तो बहुधा नसतो, त्यामुळे या कामासाठी त्याचा उपयोग नाही.

काळ

'आय हॅव सीन हिम येस्टरडे' हे चूक, आणि कारण नेहमीचंच. 'मी त्याला काल पाहिलं आहे' हे मराठीत खपतं. इंग्रजीत 'हॅव' आणि संपलेला ठरावीक वेळ एकत्र नांदत नाहीत. वाक्यात 'येस्टरडे', 'इन 2019', 'टू डेज अगो' दिसलं की 'हॅव'वर फुली.

'पासून'च्या पोटात इंग्रजीचे दोन शब्द आहेत. सुरुवातीचा क्षण असेल तर 'सिन्स' ('सिन्स 2019'), लांबी असेल तर 'फॉर' ('फॉर टू इयर्स'). शिवाय दोन्हींना 'हॅव' लागतो. ✗ 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स' यात म्हणून एक नाही, दोन चुका आहेत. एक दुरुस्त करून वाक्य पास करू नका.

'जर तो येईल तर' म्हणून ✗ 'इफ ही विल कम टुमॉरो, आय विल टेल हिम'. अट सांगणाऱ्या 'इफ'च्या अर्ध्यात 'विल' नको. पण 'इफ यू विल वेट हिअर, आय विल कॉल हिम' हे बरोबर असू शकतं. तिथे 'विल' म्हणजे 'कृपया थांबाल तर'. 'आय ॲम नोइंग', 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' हे चूक, पण 'आय ॲम हॅविंग लंच' बरोबर, कारण तिथे 'हॅव' म्हणजे असणं नव्हे, जेवणं.

नामं आणि आर्टिकल

मोजता येणारं एकवचनी नाम इंग्रजीत उघडं फिरत नाही. त्याच्या आधी अ, ॲन, द, माय, धिस, एव्हरी यांपैकी काहीतरी लागतंच. ✗ 'शी इज गुड टीचर.' प्रत्येक एकवचनी नामावर बोट ठेवत जा: मोजता येतं का? येत असेल तर आधी काही आहे का? ('बाय बस', 'ॲट होम', 'इन बेड' अशा ठरलेल्या जोड्या सोडा.) मोजता न येणारी नामंही पाठ असावीत, कारण आपण ती मोजतो: ✗ 'फर्निचर्स', ✗ 'इन्फर्मेशन्स', ✗ 'इक्विपमेंट्स', ✗ 'ॲन ॲडव्हाइस'.

'अ' की 'ॲन' यासाठी देवनागरी कामाला येते. पुढचा शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर 'ॲन', व्यंजन असेल तर 'अ'. युनिव्हर्सिटी 'य'ने सुरू होते, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. 'वन-रुपी कॉइन' 'व'ने, म्हणून 'अ'. ऑनेस्ट आणि अवर स्वराने, म्हणून 'ॲन'. एम.ए. म्हणजे 'ए'ने, म्हणून 'ॲन एम.ए.'. रोमन अक्षराकडे बघणारे इथे चुकतात.

नकार, 'एनी' आणि 'हिमसेल्फ'

'कोणीही आलं नाही' याचं शब्दशः रूप ✗ 'एनीबडी डिड नॉट कम'. इंग्रजीत अशा 'एनी'ला आणि 'एव्हर'ला आधी नकार (किंवा प्रश्न, किंवा 'इफ') भेटावा लागतो. नकार मागून आला तर उपयोग नाही. म्हणून 'आय डिड नॉट सी एनीबडी' बरोबर, पण कर्त्याच्या जागी 'नोबडी केम' म्हणावं लागतं. 'हार्डली', 'सेल्डम', 'विदाउट' हेही नकारच धरायचे: 'ही हार्डली एट एनीथिंग'.

'राजूला वाटतं की मिनू आपल्यावर रागावली आहे.' इथे 'आपल्यावर' म्हणजे राजूवर, असं मराठी माणूस सहज समजतो. मराठीतलं 'आपण' उपवाक्याची भिंत ओलांडून बाहेरच्या कर्त्याला पकडतं. इंग्रजीतलं 'हिमसेल्फ' ती भिंत ओलांडत नाही. ✗ 'राजू थिंक्स दॅट मिनू इज अँग्री विथ हिमसेल्फ' यात 'हिमसेल्फ'ला आपल्या उपवाक्यात पुरुष सापडत नाही, म्हणून वाक्य कोसळतं. तिथे नुसतं 'हिम' हवं. चाचणी सोपी आहे: 'सेल्फ' दिसला की त्याच उपवाक्यात त्याचा धनी शोधा.

प्रश्न आणि रिकामी जागा

मराठीत 'काय' आपल्या जागीच बसतो: 'तू काय घेतलंस?' इंग्रजीत 'व्हॉट' पुढे पळतो आणि मूळ जागी भोक ठेवून जातो: 'व्हॉट डिड यू बाय __?' प्रश्न किंवा 'हू-विच'चं उपवाक्य तपासताना ते भोक शोधा. भोक नाही, किंवा ते सर्वनामाने बुजवलंय, तर चूक: ✗ 'द मॅन हू आय मेट हिम'. आपल्या 'ज्याला मी भेटलो तो' मधला 'तो' इथे डोकावतो.

भोक आहे, पण उपवाक्याच्या आत कोंडलेलं आहे, असंही होतं. ✗ 'व्हॉट डिड यू मीट द मॅन हू बॉट __?' भोक जागेवर आहे, अर्थही ओढूनताणून लागतो. पण 'द मॅन हू…' या उपवाक्याच्या बाहेर 'व्हॉट'ला पडता येत नाही. 'बिकॉज'च्या आतूनही नाही.

'मला माहीत नाही तो कुठे आहे' लिहिताना ✗ 'आय डोन्ट नो व्हेअर इज ही' होतं. वाक्याच्या पोटातल्या प्रश्नाची उलटापालट करायची नाही: 'व्हेअर ही इज'. आणि 'ना?' म्हणून प्रत्येक वाक्याला 'इझन्ट इट?' लावू नका. 'यू आर कमिंग'च्या मागे 'आर्न्ट यू?' हवं.

चुकीची वाटणारी बरोबर वाक्यं

इथे हिशेब न करणारे हमखास हरतात. 'द हॉर्स रेस्ड पास्ट द बार्न फेल.' मानसभाषाशास्त्रज्ञ थॉमस बीव्हर यांनी 1970 मध्ये चर्चेत आणलेलं हे वाक्य पहिल्यांदा वाचून जवळपास प्रत्येक जण चूक म्हणतो. कारण 'रेस्ड' हे मुख्य क्रियापद धरून आपण पुढे जातो आणि 'फेल'पाशी आपटतो. 'रेस्ड' हे भूतकाळही आहे आणि 'दौडवला गेलेला' हे धातुसाधितही. ज्या क्रियापदाची ही दोन रूपं वेगळी आहेत ते त्या जागी घाला. 'द हॉर्स ड्रिव्हन पास्ट द बार्न फेल.' आता खटकत नाही, म्हणजे मूळ वाक्यही बरोबर. 'द बॉय सेंट द पार्सल ओपन्ड इट' हे असंच: 'सेंट'च्या जागी 'गिव्हन' ठेवा, गाठ सुटते.

दुसरा प्रकार एकात एक कोंबलेल्या वाक्यांचा. 'द क्लार्क द ऑफिसर द मिनिस्टर अपॉइंटेड स्कोल्डेड रिझाइन्ड.' एका दमात कळत नाही. कागदावर मांडा. नामं तीन: क्लार्क, ऑफिसर, मिनिस्टर. क्रियापदं तीन: अपॉइंटेड, स्कोल्डेड, रिझाइन्ड. आतून बाहेर जोड्या लावा. मिनिस्टरने ऑफिसरला नेमलं, त्या ऑफिसरने क्लार्कला झापलं, तो क्लार्क राजीनामा देऊन गेला. सगळे हिशेबात. आता 'स्कोल्डेड' काढून टाका: ✗ 'द क्लार्क द ऑफिसर द मिनिस्टर अपॉइंटेड रिझाइन्ड.' हे कानाला आधीच्यापेक्षा बरं वाटतं आणि तरी चूक आहे, कारण ऑफिसरला क्रियापदच उरलं नाही. कान इतका उलटा बोलतो असं दुसरं ठिकाण क्वचित मिळेल. अशा वाक्याला 'व्याकरणात बसतं, पण कोणी लिहू नये' असा शेरा द्या. आपल्याला फक्त दोनच खाने दिले असतील, तर ते बरोबरच्या खान्यात की चुकीच्या, हे काम देणाऱ्याला आधी विचारून घ्या.

याच्या उलट, 'मोअर पीपल हॅव बीन टू रशिया दॅन आय हॅव.' गुळगुळीत वाटतं. पण तुलना कशाची कशाशी? 'माझ्यापेक्षा जास्त लोक' कोणाची मोजदाद? मराठीत सांगायला गेलं की पोकळपणा उघड होतो. तुलनेच्या वाक्यात 'दॅन'च्या दोन बाजूंना एकाच जातीच्या दोन गोष्टी आहेत का, हे नेहमी बघा.

अडलात तर

वाक्याचा जुळा भाऊ तयार करा, ज्यात एकच गोष्ट बदललेली असेल. 'ही रँग अप हिम' की 'ही रँग हिम अप'? शेजारी ठेवले की दुसरं बरोबर हे कळतं. मग 'हिम'च्या जागी 'हिज ब्रदर' ठेवा, दोन्ही क्रम चालतात. म्हणजे अडचण सर्वनामाची होती. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कशात होता ते कधीच कळणार नाही. संगणकाची इंग्रजी जोखण्यासाठीही हीच युक्ती वापरतात. 2020 मधल्या 'ब्लिंप' या संचात अशा जुळ्या वाक्यांचे 67 गट आहेत, प्रत्येकात 1000 जोड्या. 'कोला' या संचात 10,657 सुटी वाक्यं आहेत, भाषाशास्त्राच्या 23 प्रकाशनांतून घेतलेली, आणि प्रत्येकावर फक्त बरोबर-चूक असा शिक्का. 'कोला'सारखं काम करताना ध्यानात ठेवायचं की यातली बरीच वाक्यं एखादा नियम दाखवायलाच रचलेली असतात. ती रोजच्या बोलण्यात ऐकू येणारच नाहीत.

वापर तपासायचा तर 'ब्रिटिश नॅशनल कॉर्पस' (10 कोटी शब्द) किंवा 'कॉर्पस ऑफ कंटेम्पररी अमेरिकन इंग्लिश' (100 कोटींहून जास्त) या प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीच्या साठ्यांत तीन-चार शब्दांचा तुकडा शोधा. अख्खं वाक्य टाकू नका, ते सापडणार नाही, आणि न सापडणं हा वाक्य चूक असल्याचा पुरावा नव्हे. सापडलेल्या दहा-बारा ओळी प्रत्यक्ष वाचा; तुकडा जुळतो, पण रचना भलतीच असते, असं बऱ्याचदा होतं. साध्या वेब शोधाचा 'इतके लाख निकाल' हा आकडा धरू नका. तो ढोबळ असतो, आणि त्यात आपल्यासारख्यांनीच लिहिलेली इंग्रजी भरलेली असते. ग्रामर चेकरची रंगीत रेघही निकाल नव्हे. तो कर्मणी प्रयोगाखाली रेघ मारतो आणि 'एनीबडी डिड नॉट कम' कधी कधी सोडून देतो.

एकच वाक्य सातव्यांदा वाचलं की ते बरोबर वाटू लागतं. हा थकवा ओळखीचा आहे, आणि तो सगळ्यांनाच येतो. म्हणून पहिला निकाल पेन्सिलीने लिहा, शेजारी एका ओळीत कारण लिहा ('क्रियापद दोन, जोडशब्द शून्य' इतकं पुरे), आणि पुढे जा. चाळीस-पन्नास वाक्यांनंतर उठा. दुसऱ्या दिवशी क्रम बदलून, आधीचे निकाल झाकून पुन्हा बघा. जिथे निकाल फिरला तिथे लिहिलेलं कारण वाचा. कारण टिकत असेल तर पहिला निकाल ठेवा. आणि कारणाच्या जागी नुसतं 'कसंतरी वाटतं' लिहिलेलं असेल तर त्या वाक्यापुढे प्रश्नचिन्ह टाका.